सहाच्या मुक्कामी गाडीतला सुपरहिरो

२ फेब्रुवारी
तीनशे खुर्च्या, साठ माणसं. मामंजी गेटवर उभं राहून मोजत होते — मुद्दाम! "सूनबाई, पाडव्यापर्यंत बघतो. मग खुर्च्या बाहेर, मंगल कार्यालय." मामंजी एकदा बोलले की संपलं. यांची नोकरी पुण्यात, टॉकीज माझ्या गळ्यात. अन् मला ती जिवापाड आवडते, हे कुणाला सांगू?

सोलापूरच्या वितरकाला फोन लावला. म्हणाला, "वहिनी, सुपरहिरोला मरण नाही. अजून वीस वर्षं चालतोय." याला आमच्या परंड्यात आणून बसवावं एकदा.

३ फेब्रुवारी
आज कळलं! साडेतीनचा खेळ सव्वासहाला सुटतो. खेड्यावरची मुक्कामी गाडी सहाला. हिरो इमारतीखाली गाडला जातो, अन् आमची साठच्या साठ माणसं पिशव्या उचलून स्टँड गाठतात. मी टॉकीज सांभाळतेय त्या आठ वर्षांत एकानंही जग वाचलेलं पाहिलं नाही. मी त्या वेळी वड्यांची भांडी आवरत असते, मला कसं दिसणार!

ठरलं. उद्यापासून खेळ अडीचला.

४ फेब्रुवारी
पूर्ण शेवट दाखवला. टाळी नाही, शिट्टी नाही. सिताबाई बांगडीवाली दारात थांबली. "एवढंच व्हय? सगळं पाडलं अन् गेला उडून? बांधायचं कुणी?"



१२ फेब्रुवारी
अकरा माणसं. त्यातली दोन झोपायला आलेली.

१९ फेब्रुवारी
नऊ. मामंजींनी मांडववाला बोलावला. पडद्यापुढं नवरा-नवरीच्या स्टेजची मापं घेतली. मी मागं जाऊन रडले.

२१ फेब्रुवारी
सिताबाईला धरलंच, का येत नाही म्हणून. म्हणाली, "शेवट आमचे मास्तर सांगत्यात की, गाडीत! तुमचा बघितला की त्यातली मजा जाती." तशीच तिच्यासोबत मुक्कामी गाडीत चढले.

बब्रुवान कंडक्टर. तिकिटं देता देता हिरोला इमारतीखालून काढलं. बाहेर तलाठी पंचनाम्याला उभा — आधारची झेरॉक्स आण म्हणतो. खलनायकानं तोवर टँकरचा ठेका घेतलेला. हिरो मुलगी बघायला गेला तर सासू विचारते, "पोरगा उडतो ते ठीक, पण करतो काय?" अख्खी गाडी खिदळत होती. मीही. कितीतरी दिवसांनी.

उतरताना विचारलं, "मास्तर, पिक्चर कधी बघितला?"

"कवा बघू, ताई? ड्युटी असती. लोक निम्मा सांगत्यात, निम्मा मी लावतो."

२२ फेब्रुवारी
सिताबाईकडं राहून सकाळच्या गाडीनं आले. खेळ परत साडेतीनला लावला.

१५ मार्च
हाऊसफुल्ल! घर टॉकीजला लागून असलेली माणसंसुद्धा सहाला गाडीत चढतात अन् वेशीवर उतरून चालत परत येतात. गाडीत मावत नाहीत ते दुसऱ्या दिवशी स्टँडवर शेवट विचारून घेतात. वितरकाचा फोन — "म्हणलं नव्हतं का, वीस वर्षं!" व्हय बाबा, तुझंच खरं.

मामंजी मात्र म्हणतात, चार दिवसांचं खूळ आहे. मांडववाला पाडव्याला येणारच.

२८ मार्च
मामंजी आज पहिल्यांदा पिक्चरला बसले, शेवटच्या रांगेत. सहाला दहा कमी असताना उठले. वाटलं, कंटाळले, घरी निघाले. घर टॉकीजच्या मागंच आहे. ते स्टँडवर गेले. बब्रुवान मास्तरांच्या शेजारची जागा धरून बसले, अन् वेशीवर उतरले नाहीत.

मांडववाल्याला मीच फोन केला, येऊ नका म्हणून.