आईचा रुपया

प्रिय कुसुमताई,

काल पांढुर्ण्याहून सौंसरला परतले, तेव्हापासून तुला लिहायला हात शिवशिवतोय. ताई, आईचा रुपया खरा आहे. चांदीचा, टाकसाळीतला.

तुझ्या लग्नात आईने आपल्या गळ्यातून काढून तुझ्या गळ्यात घातलेला तो राणीछाप रुपया. तुझ्या सासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, तो फरशीवर वाजवून पाहिला. आवाज बद्द आला. भर मांडवात ते म्हणाले, "हा तं खोटा हाये." आईने तो परत घेतला आणि डब्यात टाकला.

यंदा आईकडे दिवाळीच्या सफाईत तो माझ्या हाती लागला. शाळेत पोरांना घनता शिकवते मी. म्हटलं, आपणच पाहू. वजन कमी भरलं. पण झिजलेल्या नाण्याचं वजन भरणार कसं? मग गळ्यात घालता यावा म्हणून त्याला डाग देऊन जोडलेलं कडं सोनाराकडून काढून घेतलं. खाली बारीक चीर निघाली. बद्द आवाज त्या चिरेचा होता. आणि कड्याखाली, जिथे कधी बोट पोचलं नव्हतं, तिथे काठावरच्या रेघा नव्यासारख्या धारदार होत्या. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला अशा रेघा येत नाहीत. प्रयोगशाळेत दोऱ्याने पाण्यात टांगून घनता काढली. चांदीच्या रुपयाची यावी तेवढीच आली. नागपूरच्या जुन्या नाण्यांच्या जाणकारांनीही भिंगातून पाहून तेच सांगितलं.

काल रुपया घेऊन पांढुर्ण्याला थेट पुंडलिकरावांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चीर पाहिली. मग टोपी घातली. "चाल, तुह्या मायकडे जाऊ." आईसमोर त्यांनी हात जोडले. "विहीणबाई, मी चुकलो. भर मांडवात बोलाले नोको होतं." आई एवढंच म्हणाली, "मले माहीत होतं. माह्या मायनं देल्ला होता तो. बसा, चहा ठेवते."

तुझ्या गौरवच्या लग्नाला आजी येणार नाही म्हणते, तिला कसं समजावू, असं तू परवा फोनवर रडत विचारलंस ना? मला समजवावं लागलंच नाही. चहा पितापिताच पुंडलिकरावांनी तिला आग्रहाने बोलावलं. मी निघाले तेव्हा आई शेजारच्या करुणाकाकूंना सांगून राहिली होती, "नातवाच्या लग्नाले भोपाळले चालली मी." तिकीट काढलंय. स्टेशनवर तिला घ्यायला दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तूच ये.

तुझीच,
विजयमाला