बाळ्या कोणाच्या कडेवर

परतूर, रविवार, मे १९९४

हैदराबादचं एकदाचं ठरलं. मधल्या राजूला वाघ बघायचाय. थोरली सुमन मात्र म्हणते, “मी न्हाई येत.” दहावी झालेली पोरगी, अन् शहर नको?

खोदून विचारलं तेव्हा बोलली, “औरंगाबादला गेल्तो, तेव्हा लेणी तुम्ही पाहिली. मी बाळ्याला कडेवर घेऊन बाहेर झाडाखाली.”

खरंच की. धाकटं पोर थोरलीच्या कडेवर, हे आम्ही धरूनच चालतो. मंग ह्यांना सांगून टाकलं, तिथं बाळ्या तुमच्या कडेवर.

“बाप्या माणसानं? लोक हसतील.”

हसू देत.

पण संध्याकाळी हेच त्याला कडेवर घेऊन भर बाजारातून स्टेशनापर्यंत जाऊन आले. “लई जड झालाय,” म्हणाले.

सुमन भाकरी थापून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली, “पप्पा, चारमिनारवर चढू देतात का?”