कार्बनचे चार हात

३ फेब्रुवारी
लेकीची केमिस्ट्रीची शिकवणी आजपासून बंद. हायब्रिडायझेशन, म्हणजे अणू एकमेकांना कसे जोडले जातात तो धडा, मी शिकवणार. रंगाच्या कंपनीत सेल्समध्ये असलो म्हणून काय झालं, बी.एस्सी. आहे. बायको म्हणाली, हा पेपर गेला तर पोरीचं वर्ष जाईल. अभद्र बोलायची सवयच आहे तिला.

५ फेब्रुवारी, सकाळी
पुस्तक उघडलं. जोडणीचे प्रकार तीन: एसपी, एसपी टू, एसपी थ्री. साधं काही लिहायचं नाही अशी शपथच घेतलीय लेखकानं. शेवटी किल्ली मीच शोधली. कार्बनला हात चार. चार हात म्हणजे एसपी थ्री. खेळ खलास.

९ फेब्रुवारी
आज इथीन वायूत ब्रोमीन घातलं. कागदावर. रिअ‍ॅक्शनआधी कार्बनचे हात चार, नंतरही चार. म्हणजे हायब्रिडायझेशन बदलतच नाही! पुस्तकात एसपी टूचं एसपी थ्री होतं असं छापलंय. छपाईची चूक.
लेकीनं शंका काढली. इथीनमध्ये कार्बननं दोन हात एकाच शेजाऱ्याला दिलेत, म्हणजे शेजारी तीनच ना, बाबा? मग हात मोजायचे की शेजारी?
म्हटलं, बापाला शहाणपण शिकवू नये.

१३ फेब्रुवारी
शंका बंद झाल्या. मात्रा लागू पडली.

१७ फेब्रुवारी
काहीही विचारा, एसपी थ्री म्हणते. माझ्याकडे न बघता. जेवणही कमी झालंय. एकाग्रता!
बायकोनं माझ्याशी अबोला धरलाय. घर कसं शांत. जरा जास्तच.

२० फेब्रुवारी
शिकवणीचे सर दुकानात भेटले. माझा नियम ऐकवला. चेहराच पडला त्यांचा. म्हणाले, पोरीला एकदा पाठवा, फी नको. धंदा बसला की माणूस असा फुकटावर येतो. नाही पाठवली.

२४ फेब्रुवारी
पेपर झाला. निम्मे प्रश्न रिअ‍ॅक्शनमध्ये हायब्रिडायझेशन कसं बदलतं यावरच. मी टाळी मागितली! तिनं हात पुढे केला नाही. बूटही न काढता कॉटवर बसली. म्हणाली, आधी शेजारी मोजून लिहिलं होतं. मग तुम्ही आठवलात, बाबा. सगळं खोडलं.

संध्याकाळी
पुस्तक काढलं. इथीनच्या कार्बनचे शेजारी मोजले. तीन, म्हणजे एसपी टू. परत मोजले. ब्रोमीननंतर चार, एसपी थ्री. छपाई ठीक आहे.
परवा फिजिक्स. तिनं दार आतून लावलंय. बाहेरून विचारलं, बाळा, काही शंका?
म्हणाली, नाही बाबा. काहीच नाही.