मधल्या खोलीतले पाणी

मी, खाली सही करणारा, या घराच्या पुढच्या खोलीत राहणारा थोरला भाऊ, चष्म्याच्या काचा घासण्याच्या कामावरून निवृत्त, अविवाहित, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसांबद्दल तसे म्हणता येत नाही. उभा जन्म काचेची धूळ हुंगली, ती आता आत ठाण मांडून बसली आहे, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघतात. तेव्हा कोणाच्याही दडपणावाचून, कोणी कानाशी लागलेले नसताना, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र मी करत आहे. कानाशी लागायला घरात दुसरा माणूस एकच आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही.

कलम १. घर. आईच्या मागे ताईने हक्क सोडला आणि घर आम्हा दोघा भावांच्या नावावर झाले. पुढची खोली माझी, मागची धाकट्याची, स्वयंपाकघर पाळीपाळीने. मधली खोली कोणाच्याच वाट्याला आली नाही, कारण तिची वाटणी करायची तर बोलावे लागले असते. माझा संपूर्ण हिस्सा मी धाकट्याला देतो. पुढच्या खोलीच्या दाराच्या बिजागरीला त्याने तेल घालावे. ते दार मी मुद्दामच कुरकुरते ठेवले होते. मी उठलो हे त्याला त्यावरून कळत असे.

कलम २. बँकेतली शिल्लक. दवाखान्याचा आणि शेवटच्या कामाचा खर्च भागून जे उरेल ते ताईचे. ताई दर फोनला म्हणत आली, "अरे, दोन म्हातारे आणि एक मासा! विकून टाका तो एकदाचा." तिला मासा देत नाही. पैसे घ्यावेत आणि त्या विषयावर तोंड बंद ठेवावे, ही विनंती.

कलम ३. हत्यारे. घासण्याचे चाक, काच कापायचा हिरा आणि चिमटे समोरच्या कुलुपवाल्याला द्यावेत. माझी बारीक कानस त्याच्याकडेच आहे. "उद्या देतो दादा," असे तो प्रत्येक वेळी मनापासून म्हणाला. ती आता त्याचीच झाली. टेबलावरचा दिवा मात्र त्याला देऊ नये. का, ते पुढे येईल.

कलम ४. खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यातला मासा. या कागदाचे खरे कारण हे कलम आहे. बाकीची लिहिली नसती तरी कोणाचे काही अडले नसते.

ही टाकी मी कामाला होतो त्या चष्म्याच्या दुकानात, दर्शनी काचेशी होती. दुकान बंद झाले तेव्हा मालकीणबाईंनी ती मला दिली. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून टाकी मधल्या खोलीत, तिच्या पलंगासमोर ठेवली. आत एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. कोणी जवळ गेले की तो तपासणीला आल्यासारखा काचेशी यायचा, म्हणून आईने त्याला साहेब म्हटले. "साहेब, आज उशीर झाला हं," असे ती त्याला सुनवायची, आणि त्या दुखण्यातही हसायची.

मग तिचा श्वास लागू लागला, आणि मी बाहेर गेलो असताना धाकट्याने तिला रुग्णालयात हलवले. तिथे तिच्या खाटेसमोर कोरी भिंत होती. त्या भिंतीकडे बघत ती गेली. घरी आल्यावर मी धाकट्याला घालूनपाडून बोललो. तो म्हणाला, "मग काय करायचं होतं? मासा बघत मरू द्यायची होती तिला?" मी म्हणालो, "हो." आमच्यात शेवटचा बोललेला शब्द तोच. हा "हो" मी आजही मागे घेत नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे मरताना मी विरघळलो असे कोणी म्हणू नये.

आता पाण्याविषयी. माशाची घाण आणि उरलेले खाणे कुजले की त्याचे शेवटी नायट्रेट होते. ते पाण्यासारखे उडून जात नाही, साचत राहते. टाकीतले पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की रंग येतो. पिवळा आला तर पाणी ठीक, नारिंगी आला तर जपा, लाल आला तर माशाला त्रास आहे. आमचे पाणी कित्येक महिने विटेसारखे लाल आहे. टाकीतली कोळंबी आणि गोगलगाय त्यातच गेल्या. साहेब तग धरून आहे, पण आता काचेशी येत नाही, कोपऱ्याकडे तोंड करून राहतो.

सगळे पाणी एका दिवसात बदलावे म्हटले तर त्या धक्क्याने मासाच जायचा. थोडे थोडे बदलावे, तर समुद्री मीठ लागते, आणि ते आणणारे दुकान उठले. शेवटची पिशवी अर्धी आहे. तपासणीच्या औषधाचेही थेंब मोजकेच उरले आहेत. मी माझ्या हातचे खाणे कमी केले, मग एक दिवसाआड केले. नळाचे पाणी फिल्टर करून घेतो, तरी खडा टाकून पाहावा म्हणून तेही तपासले. ते पिवळे निघाले. तरी टाकी लालच. माझे डोके चालेना.

एकदा वाळू साफ करताना दगडामागे खाण्याचे लाल दाणे सापडले. मी तपकिरी आणतो. लाल मी कधीच आणलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच पडून राहिलो, दार वाजू दिले नाही. धाकटा शाळेची बस चालवतो, त्याची निघायची वेळ झाली होती. मधल्या खोलीत झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्याचा. "काय साहेब, बरं आहे ना? खा, खा. आणि तो? काल जेवला का नीट? रात्रभर खोकत होता."

माशाने काय सांगितले ते मला कळले नाही.

एक चिठ्ठी काचेवर चिकटवली असती तर काम झाले असते. "खाणे मी घालतो, तू घालू नकोस." मी चिकटवली नाही. खाणे बंद झाले असते तर तो मधल्या खोलीत थांबला नसता, सरळ मागच्या दाराने बसकडे गेला असता. मग मीच खाणे घालणे थांबवायचे, हेही सुचले होते. पण मग मी सकाळी उठायचे कशाला? म्हणून दोघेही घालत राहिलो. माझे तपकिरी दाणे त्यालाही दिसले असणारच. त्यानेही चिठ्ठी लावली नाही. साहेबाचे मात्र यात हाल झाले, याचे मला फार वाईट वाटते. आमच्या अबोल्याचे पाणी त्याला प्यावे लागले.

त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे नोंदवतो. जेवलो. भात उरला होता तो झाकून ठेवला होता, तो त्याच्यासाठी होता. धाकटा तो टाकून देतो हे मला माहीत आहे.

टाकी, मासा, मिठाची अर्धी पिशवी आणि माझा टेबलावरचा दिवा मी धाकट्याला देतो. तो दिवा टाकीच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला आहे, कारण तिथे मी हिरवे शेवाळ वाढवतो आहे. ते नायट्रेट खाऊन वाढते. वाढले की मूठभर उपटून फेकावे, म्हणजे तेवढे नायट्रेट घराबाहेर गेले. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. पाणी आटले तर गोडे पाणीच घालावे, मीठ आटत नाही. स्वयंपाकाचे मीठ चुकूनही घालू नये. औषधाचे थेंब उगाच उडवू नयेत, महिन्यातून एकदा पुरे. धाकट्याला सूचना आवडत नाहीत हे ठाऊक आहे. या शेवटच्या आहेत.

कलम ५. आईचा पलंग मी मधल्या खोलीतून हलवू दिला नाही. पुढे धाकट्याला श्वास लागला, तर त्याला त्याच पलंगावर, टाकीकडे तोंड करून झोपवावे. त्याने नको म्हटले तर त्याचे ऐकावे. पण त्याला विचारावे.

कलम ६. मी गेल्यावर खाणे एकाच हाताने पडेल. शेवाळ तेवढे उपटत राहिले की पाणी हळूहळू सुधारेल, आणि साहेब पुन्हा काचेशी येईल. औषधाचे थेंब असतील तोवर धाकट्याने तपासत राहावे. पहिल्यांदा लाल येईल, मग नारिंगी येईल. ज्या दिवशी नळीत स्वच्छ पिवळा रंग दिसेल, त्या दिवशी त्याने खरे मानावे की मी घरात नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि तो मला मान्य आहे.

सही: थोरला

साक्षीदार १: गल्लीतले डॉक्टर. (सही करताना खिडकीकडे बघत होते.)
साक्षीदार २: चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. (टाकी त्यांनी ओळखली, माशाला ओळखायला वेळ लागला.)

धाकट्याला यातून लाभ मिळतो, म्हणून त्याची साक्ष चालत नाही. तो स्वयंपाकघरात आहे आणि पाहुणे कोण आले ते कळावे म्हणून घासलेलीच भांडी पुन्हा घासतो आहे.

स्थळ: राहते घर, मधली खोली.
दिनांक: ११ मार्च. आज साहेबाला खाणे मी घातले आहे. त्यानेही घातले असेल.