दारावरच्या बाया आणि शेवटचा पेपर

ता. यावल,
६ जून २०२५

ती. सौ. कोकिळाअक्कास,

सुतकात नमस्कार लिहायचा नसतो, म्हणून तो बाकी ठेवते.

सासूबाई गेल्याचं तुला फोनवर कळलंच. तेव्हा भोवती बाया बसल्या होत्या, मला काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. अंगणवाडीच्या लताबाईंचा भाऊ हितेंद्र धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती देते. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

अक्का, बारा तारखेला माझा शेवटचा पेपर आहे. नर्सिंगसाठी जळगावला वसतिगृहात राहावं लागलं असतं आणि सुनेनं तसं राहायचं नाही म्हणून घरचे अडून बसले. म्हणून तर रुग्णालय व्यवस्थापनाची ही पदवी घरी बसून, मोबाइलवर करायला घेतली. तेव्हा सगळे खूश झाले. पण घरात शिकणारी बाई कुणाला शिकताना दिसतच नाही, रिकामीच दिसते.

परीक्षाही घरूनच, कॅमेऱ्यापुढे. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, चेहरा बाजूला व्हायला नको. दोनदा सूचना येते, मग पेपर बंद. आधीचे सगळे पेपर सासूबाईंमुळे पार पडले. काठी घेऊन उंबऱ्यात बसायच्या आणि कोंबड्या नि शेजारणी सारख्याच हाकलायच्या. आता दारावर रोज बाया येतात, अंगणातूनच गळा काढतात, आणि सुनेनं त्यांच्या गळ्यात पडून रडायचं असतं. मी कडी लावून बसले तर काय म्हणतील? त्यात मला अजून रडू आलेलं नाही. बाया ते बघतात.

पेपर सुटला तर फैजपूरच्या दवाखान्यातली जागा गेली. रोज सकाळी बसमध्ये बसून कामावर जायचं, एवढंच मला हवं आहे. इथे जीव गुदमरतो.

तुझ्या मायेला सुतक नसावं.

तुझी,
हेमलता

*

धुळे,
९ जून २०२५

चि. सौ. हेमलतास,

अनेक आशीर्वाद.

तुझं रडू लहानपणापासून उशिराच येतं. आईनं सकाळी धपाटा घातला की तू दुपारी जेवताना भोकाड पसरायचीस. तेव्हा बायांचं मनावर घेऊ नकोस.

परीक्षेपुरती इकडे ये म्हणाले असते, पण गंधमुक्ती होऊन सुतक फिटायच्या आधी सुनेला घराबाहेर नेलं तर आपल्या माहेराचा उद्धार होईल. तुझे भाऊजी म्हणतात, ताप आला म्हणून सांग. त्यांना काय, ते ऑफिसात तापाचं सांगून घरी क्रिकेट बघतात. तू खोटं बोलू नकोस. सरळ सासऱ्यांशी बोल. प्रेमराजरावांवर विसंबू नकोस. जावई भला माणूस आहे, पण वडिलांपुढे त्यांची मान फक्त होकारासाठी हलते.

इतकी वर्षं कांदे चिरता चिरता लेक्चर ऐकलीस, आता शेवटच्या दिवशी कच खाऊ नकोस. मला रात्रंदिवस तुझीच काळजी आहे. गंधमुक्तीला येतेच आहे, तेव्हा पोटभर बोलू.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझी,
अक्का

*

ता. यावल,
१३ जून २०२५

ती. सौ. अक्कास,

नमस्कार अजून बाकीच.

आबांशी बोलले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, तिनं तुला अभ्यासाला बसवलं होतं, मी उठवणार नाही. मला धान्याची खोली दिली आणि बायांना लिंबाखाली बसवायचं काम यांच्याकडे दिलं. खिडकीत गोधड्या कोंबल्या, कडी लावली आणि काल पेपर सुरू केला. अर्ध्याहून जास्त झाला होता गं.

तेवढ्यात शिरपूरहून भागाबाई आल्या, आबांची थोरली बहीण. त्यांना लिंबाखाली कोण थांबवणार? थेट माझ्या दाराशी आल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवून, दारात आता कोण बसणार म्हणून गळा काढला, आते दारम्हा कोन बसी व माय.

त्यांना परीक्षेचं काही ठाऊक नव्हतं, त्या आपल्या भावजयीला रडत होत्या. आवाजाची पहिली सूचना आली. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला आणि अक्षरंच दिसेनात. दुसरी सूचना आली की चेहरा दिसत नाही. अक्का, मी पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होते आणि मला थांबताच येत नव्हतं. वर पाहिलं तेव्हा पेपर बंद झाला होता.

कडी काढली. भागाबाईंनी मला कवटाळलं. बाया म्हणाल्या, आम्ही उगीच नावं ठेवली, पोर कोंडून घेऊन रडत होती. दार कशासाठी बंद होतं ते सांगायला आबांनी तोंड उघडलं, पण त्या गलक्यात कुणी ऐकलं नाही. मीही गप्प बसले.

पुन्हा परीक्षा डिसेंबरात आहे. फैजपूरला आज विचारलं, ते तोवर थांबणार नाहीत.

काल संध्याकाळी भागाबाईंनी सगळ्यांसमोर सासूबाईंचा किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचला. म्हणाल्या, सून असावी तर अशी, आता हे घर तुझ्या जिवावर. सगळ्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवले. दोष कुणाला देऊ? आता हे लोक मला कुठेच जाऊ देणार नाहीत, अक्का, आणि तेही मायेनं.

गंधमुक्तीला आलीस की समजूत घालू नकोस, नुसती जवळ बस. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
हेमलता