धडधाकट माणसाला मिठी

प्रिय डार्लीन,

तुम्हा दोघींची फार आठवण येते. मी मजेत आहे. गुडघाही या दौऱ्यात कुरकुरत नाही.

टीव्हीवर बेसबॉलवाले काय बडबडतात ते मनावर घेऊ नकोस. गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव सामने हरलो, म्हणून संघाचे नवे साहेब सगळा संघ नव्याने उभा करतायत, एवढंच. एप्रिलमध्ये सव्वीस जण होतो, त्यातले नऊ उरलोय. नव्या पोरांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत, आणि मी पडलो कॅचर, चेंडू टाकणाऱ्याला इशारे देणारा; मला ती यायला हवीत.

काल सामना चालू असताना पाचव्या डावात मॅनेजरने आमच्यातल्या रस्कोला मैदानातून परत बोलावलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तो बाकाकडे आला तसे आम्ही उठून त्याला मिठ्या मारल्या. आमच्यात हे कुणी सांगावं लागत नाही. धडधाकट माणसाला मिठी मारली, की त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलेलं असतं. त्याच्या बायकोला ते टीव्हीवरच कळलं.

मला साहेब स्वतः म्हणाले, "वेन्डेल, पोरांना सांभाळायला तू हवासच." रस्कोलाही तेच म्हणाले होते, पण ते सोड. नव्या घरात आपल्या टेसच्या खोलीला पिवळा रंगच ठरला ना?

आमचे कपडे सांभाळणारा म्हातारा एल्मर आत्ताच धुतलेला शर्ट द्यायला आला होता. सहा वर्षांत "काय रे लंगड्या" यापलीकडे तो माझ्याशी बोललेला नाही. आज म्हणाला, "जप रे स्वतःला," आणि मला मिठी मारून गेला.

रंगाचे डबे उघडले नसशील तर तसेच राहू देत.

तुझाच,
वेन्डेल