कवळी, कॉम्प्युटर आणि नेलची शिट्टी

रॅनफर्ली,
४ मार्च

प्रिय एल्सीताई,

धाकट्या भावाचा उभ्याउभ्या नमस्कार. (खाली वाकलो तर उठवायला घरात नेल कुत्रीशिवाय कोणी नाही, आणि ती गेले चार महिने माझ्यावर रुसलेली.) तुझी कंबर कशी आहे? तिमारूची समुद्राची हवा तिला सोसत नाही असं तू ख्रिसमसला म्हणालीस, पण हवेला बोल लावण्याआधी त्या मातीच्या कुंड्या उचलणं बंद कर. माझी तब्येत ठीक. रक्तदाब तेवढा चढलाय. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. मिठानं काय घोडं मारलंय? मी कॉम्प्युटर शिकतोय.

हसू नकोस, हौस म्हणून शिकत नाही. नोव्हेंबरात माझे उरलेसुरले दात काढून ही कवळी बसवली, तेव्हापासून माझ्या तोंडून शिट्टी निघतच नाही, नुसती वाफ निघते. दोन बोटं तोंडात घालून जोरात फुंकलं की कवळी आधी बाहेर पडते. पत्र्याची शिट्टी तोंडात धरून पाहिली, तर ती एकदा घशापर्यंत जाऊन आली, आणि नेलनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नऊ वर्षं ही कुत्री एकाच शिट्टीवर मेंढ्यांच्या डावीकडून गेली, उजवीकडून गेली, बसली, उठली. आता मी फुंकतो आणि ती मान वाकडी करून बघत राहते, म्हाताऱ्याला झालंय काय म्हणून. मग पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडते. नीट खातसुद्धा नाही. आणि यंदाची क्लबची मेंढ्या हाकायची स्पर्धा तिची शेवटची आहे, ताई. पुढच्या वर्षी तिचे पाय तो डोंगर चढायचे नाहीत. एकदाच तिला त्या उतारावरून तीन मेंढ्या खाली आणताना बघायचं आहे. माझ्या दातांपायी ती घरी पडून म्हातारी झाली, असं मला व्हायला नको आहे.

तर मला एक युक्ती सुचली. दहा वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या बाईंनी माझी मुलाखत टेपवर घेतली होती. त्यात मी दीड तास बोललोय आणि मधूनमधून सहाही हुकूम शिट्टीवर वाजवून दाखवलेत. त्या सहा शिट्ट्या कापून काढायच्या, मोबाइलमध्ये घालायच्या, स्पीकर कमरेला बांधायचा, की झालं. (‘की झालं’ हे शब्द माझे. त्यांची किंमत मी महिनाभर मोजतोय.) गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी साठीपुढच्यांसाठी आवाज रेकॉर्ड करायचा वर्ग असतो. नायरी नावाची निवृत्त शाळामास्तरीण घेते. बाई गोड आहे, पण तिचा धीर बघून मला जास्त राग येतो. माणसानं एकदा तरी ओरडावं की नाही?

पहिल्या मंगळवारी टेप लावली आणि दीड तास श्वास रोखून बसलो. म्हणजे रोखला होता असं मला वाटत होतं. नंतर ऐकलं तर यंत्रानं टेपचा एक शब्द घेतलेला नाही. ते आपल्याच पोटातल्या मायक्रोफोननं माझं ऐकत बसलं होतं, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर माझं ऐकण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे घोरणं. नायरीनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, आवाज मात्र स्वच्छ आलाय. मग तिनं वायर कुठे खुपसायची ते दाखवलं, आणि दुसऱ्यांदा टेप नीट आत गेली. बरं झालं गेली, कारण नंतर घरी ती माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरनं चावून खाल्ली.

आता कॉम्प्युटरच्या या प्रोग्रॅममध्ये आवाज दिसतो. खरंच दिसतो, पडद्यावर डोंगरांची रांग उमटते. बोलणं म्हणजे झुडपं, शिट्टी म्हणजे कडा. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? पण टेपची खरखर होती, आणि ती काढायची तऱ्हा अशी की यंत्राला नुसत्या खरखरीचा जरासा तुकडा दाखवायचा, ‘हा कचरा’ म्हणून सांगायचं, मग ते सगळीकडून तसला कचरा झाडून काढतं. मी घरी माझ्या लॅपटॉपवर सर्वांत सपाट तुकडा शोधला. नेमकी तिथे ‘थांब’ची शिट्टी होती. तुला माहीतच आहे, आपली ‘थांब’ लांब, बारीक, एकसारखी. पडद्यावर ती कुंपणाच्या तारेसारखी दिसते, आणि मी आयुष्यभर कुंपणाची तार बघत आलो, ती माझ्या डोळ्यांना दिसेनाशीच झालेली. यंत्रानं ‘थांब’ झाडून पुसून नाहीशी केली आणि माझी दीड तासाची बडबड एक अक्षर न गाळता ठेवली. माझी बायको असती तर तिनं यंत्राला कचरा कोणता ते बरोबर सांगितलं असतं. वर मी ते सगळं जतनही करून टाकलं, मूळच्याच नावानं.

हे मला कळलं कधी, तर दुसऱ्या दिवशी दुपारी. मी ‘डावीकडे’ची शिट्टी कापत होतो. ती नेमकी कुठे सुरू होते ते पुन्हापुन्हा ऐकावं लागतं. माझं कोणतं तरी बोट कोणत्या तरी बटणावर पडलं आणि ती आपोआपच परत परत वाजायला लागली. थांबेना. म्हटलं वाजू दे, तोवर चहा टाकू. खिडकी उघडी होती आणि मला कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण सोडलेला. ताई, टाकीखाली पडलेल्या नेलला चार महिन्यांनी तिची शिट्टी ऐकू आली, तीही चाळीस वेळा. ती कुंपणावरून पलीकडे गेली ती थेट शेजारच्या डेस्मंडच्या रानात. (डेस्मंड म्हणजे ऑकलंडहून शांतता शोधायला आलेला तो गृहस्थ. त्यानं सात अल्पाका पाळलेत, मेंढीची लोकर आणि उंटाची मान, आणि प्रत्येकाचा वाढदिवस साजरा होतो.) मी कप घेऊन ओट्यावर आलो तर मधल्या फाटकातून हाकून आणलेले सात अल्पाका माझ्या लोकरीच्या शेडच्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभे, आणि त्यांच्या मधोमध हातात बादली घेतलेला डेस्मंड. नेल समोर पोटावर दबून सगळ्यांवर सारखी नजर ठेवून होती. अल्पाका घाबरले की थुंकतात, आणि थुंकायला जवळ दुसरं कोणी नव्हतं.

मी धावत आत गेलो, ‘थांब’ वाजवायला. तिथे माझ्याच गप्पा होत्या.

बाहेर येऊन तोंडानं ओरडलो, पण नेल बोलण्याला कधीच भीक घालत नाही. डेस्मंड फारच सभ्यपणे म्हणाला, “डंकन, तुझ्या कुत्रीला एवढंच सांग, मी यांच्यातला नाही.” मी सांगितलं, पण याबाबत तिचं मत वेगळं होतं. शेवटी गुडघा सांभाळत गेलो आणि तिच्या पट्ट्याला हात घातला. तिनं माझा हात चाटला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मला रडूच आलं, आणि डेस्मंडला वाटलं मी त्याच्यासाठी रडतोय. तो मलाच धीर देत होता.

मूळ प्रत नायरीनं, टेप नीट आत गेली त्याच दिवशी, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मला न विचारता ठेवून घेतली होती. तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई, कोणावर किती विसंबावं हे तिला बरोबर कळतं. मग आणखी दोन मंगळवार गेले. पण काल रविवारी, कमरेला स्पीकर बांधून, मोबाइलवर सहा बटणं लावून मी मागच्या टेकडीवर गेलो, आणि नेल अशी धावली, ताई, अशी धावली की मी दोनदा चुकीचं बटण दाबलं तरी तिनं बरोबर हवं तेच केलं. सत्याहत्तराव्या वर्षी हे शिकलो. स्पर्धा बावीस तारखेला आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं, बाकी काही विशेष नाही. कंबर जप.

तुझा,
डंकन

ता. क. बाकी विशेष एक आहे. नाव नोंदवायला आज सकाळी क्लबच्या सेक्रेटरीला, कॉलिनला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ हसला, आणि मग नियम वाचून दाखवला. “हुकूम माणसाच्या तोंडातून गेला पाहिजे, डंकन. कमरेतून नाही.” नायरीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, क्लबला विचारलंत का. मी तिला म्हटलं होतं, आमच्याकडे असलं कोणी विचारत नाही, आम्हाला सगळं ठाऊक असतं.

ता. क. दुसरा. ख्रिसमसला तू ओट्यावरून मला जेवायला हाक मारलीस, दोन बोटं तोंडात घालून. त्या वेळी नेल फाटकापाशी होती. ती जागच्या जागी जमिनीला चिकटली. तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं, आणि मुकाट्यानं पुडिंग खात बसलो. ती ओळखणारच. ती शिट्टी मुळात तुझी. शेडमागे तूच मला शिकवलीस, आणि मी ती साठ वर्षं माझी म्हणून वाजवली. क्लबनं मुलीचं नाव घ्यायला नकार दिला, तेव्हा बाबांनी अर्जावर माझं नाव लिहिलं. कुत्रा तू तयार केलेला, मैदानात उभा मी राहिलो. तू टाळ्या वाजवल्यास आणि मी तुला वाजवू दिल्या. हे तुझ्यापाशी कधी बोललो नाही. मला वाटलं होतं, यंत्र शिकलो की तुझ्यापुढे तोंड उघडावं लागणार नाही. यंत्र शिकणं त्यामानानं सोपं होतं.

ता. क. तिसरा. बावीसला ये. एकवीसच्या बसनंच ये, म्हणजे नेलशी एक दिवस मिळेल. अर्ज मी भरून दिलाय. कुत्री नेल, हाकणारी एल्स्पेथ गेडीज, म्हणजे तू. कॉलिन म्हणाला, वय एकोणऐंशी, हरकत नाही, पण बाईंना स्पर्धेचा काही अनुभव आहे का? मी म्हटलं, एकदा पहिली आली आहे. तिचा कप साठ वर्षं माझ्या घरात पडलाय.